थांब्यावरचा माणूस

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ माणसाच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. या धंद्यातून ते एकच गोष्ट शिकले होते: समोरचा चूक करणारच, फक्त कधी ते बघायचं. घरी आले तरी हा नियम सुटत नसे. शेजारी हसला की हा आता शिडी मागणार, असं ते धरून चालत. बायको म्हणायची, "तुम्हाला देव भेटला ना, तरी आधी त्याचं लायसन बघायला मागाल."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला मोठ्या शहरातल्या कॉलेजात जागा मिळाली. लहानपणी कपाटावर नाहीतर खिडकीच्या गजांवर चढून बसायची, म्हणून घरात तिला खारू म्हणत. खारूला पूल बांधायचे होते आणि ते शिकवणारं चांगलं कॉलेज तिथेच होतं. प्रवेश पक्का करायच्या आधी पालकांनी येऊन सगळं बघून जावं, म्हणून कॉलेजने एक दिवस ठेवला होता. आई नर्स होती, तिला रजा मिळेना. निघताना दारात ती मास्तरांना म्हणाली, "डोळे उघडे ठेवा, पण वटारू नका. आणि पोरीचं तोंड उतरवून परत आणू नका."

कॉलेजच्या फाटकावर त्यांच्या छातीला 'पालक' लिहिलेला कागदी बिल्ला लागला. सगळं दाखवायला पिवळा टी-शर्ट घातलेली तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. ती इतकी हसत होती, की मास्तरांना तिथेच शंका आली.

"संध्याकाळी मुली बसथांब्यावरून हॉस्टेलला कशा येतात?" त्यांनी विचारलं.

"चालत, काका. समोरच तर आहे थांबा."

"एकट्या?"

मुलीने पलीकडच्या दुसऱ्या पिवळ्या टी-शर्टकडे पाहिलं. "नाही, आम्ही मैत्रिणी मिळून येतो. मजा येते."

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. मजा येते म्हणणाऱ्या तोंडावर मजेचा मागमूस नव्हता.

हॉस्टेलच्या रेक्टरबाईंनी पालकांपुढे छोटंसं भाषण केलं. "आमच्याकडे आजवर काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

मास्तर उठले. "काहीही म्हणजे काय काय झालेलं नाही?"

सगळे हसले. रेक्टरबाईही हसल्या, पण उत्तर न देता दुसऱ्या पालकाकडे वळल्या. इथे पाणी मुरतंय, मास्तरांनी मनाशी नक्की केलं. खारूने त्यांची बाही ओढून त्यांना खाली बसवलं.

मग सगळ्यांना प्रयोगशाळेत नेलं. तिथे एका नमुन्याच्या पुलावर वजनं चढवून तो कुठे मोडतो ते दाखवत होते. खारू पार पुढे जाऊन उभी राहिली. तिचं लक्ष पुलात गुंतलेलं बघून मास्तर म्हणाले, "मी जरा पाणी पिऊन येतो."

"बाबा, पाणीच प्या हं," मान न वळवता ती म्हणाली.

मास्तर थेट हॉस्टेलच्या मागे गेले. भिंत हाताने दाबून पाहिली. कोपऱ्यावर कॅमेरा होता. त्याच्यासमोर उभं राहून दोन्ही हात हलवले. कुणी येतंय का बघितलं. कुणी आलं नाही. पुढे स्वयंपाकघराच्या अंगाला एक दार होतं, ते बंद होऊ नये म्हणून फटीत वीट लावलेली. मास्तरांनी दार ढकललं आणि आत पाऊल टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्यांना तेव्हा ते सुचलं नाही. पुरावा मिळाल्याच्या आनंदात ते बोळातून चालत राहिले. दोरीवर टॉवेल वाळत होते. एका दारातून ओल्या केसांची एक मुलगी बाहेर आली आणि समोर परका पुरुष बघून जागीच थिजली.

"आलाय! थांब्यावरचा माणूस आत आलाय!"

तिचा आवाज बोळभर घुमला आणि पटापट दारं उघडली. कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या हातात इस्त्री. मास्तर "अहो, मी पालक... मी पालक..." म्हणत राहिले, पण बिल्ला कुठेतरी गळून पडला होता. रखवालदार धावत आला आणि त्याने त्यांची कॉलर धरली ती रेक्टरबाईंच्या खोलीपर्यंत सोडली नाही.

खोलीत ओल्या केसांच्या मुलीने त्यांना नीट न्याहाळलं. तिचे हात अजून थरथरत होते. "हा नाही तो," ती म्हणाली. "त्याला राखाडी टोपी असते."

रखवालदाराने कॉलर सोडली. मास्तरांनी ती सारखी केली आणि रेक्टरबाईंकडे पाहिलं. "कोण टोपीवाला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी सांगून टाकलं. गेल्या वर्षापासून एक माणूस संध्याकाळी समोरच्या थांब्यावर बसतो. बस पकडत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींकडे बघत राहतो. कधी थोडं अंतर ठेवून मागे चालतो. "पोलिसांना कळवलं होतं. ते म्हणाले, त्याने काही केलेलं नाही, थांब्यावर बसणं हा काही गुन्हा नाही. एकदा येऊन गेले, नेमका त्या दिवशी तो नव्हता."

"आणि आम्हाला सांगितलंत, काहीच झालेलं नाही."

"आज तो विषय काढायचा नाही असं आम्हाला बजावलं होतं, काका," पिवळा टी-शर्ट हळूच म्हणाला. ती मुलगी खारूला शोधून घेऊन आली होती. दारात उभ्या असलेल्या खारूचा चेहरा लालबुंद झाला होता.

बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, "बघितलंस? मी म्हणत नव्हतो? संपला विषय. चल घरी."

"तुम्ही मुलींच्या हॉस्टेलमध्ये शिरलात, बाबा."

"तुझ्यासाठीच शिरलो ना!"

"त्या मुलीचे हात बघितलेत? ती कुणाला घाबरली होती?"

दोघं रस्ता ओलांडून थांब्यावर आले, आणि तिथेच मास्तरांचे पाय थबकले. बाकाच्या टोकाला साठीच्या आसपासचा एक माणूस बसला होता. डोक्यावर राखाडी टोपी. एक बस आली आणि गेली. दुसरी आली, गेली. माणूस हलला नाही. त्याची नजर समोरच्या फाटकावर खिळलेली होती.

"तू त्या पेपरच्या टपरीपाशी थांब," मास्तर पुटपुटले. खारू जेमतेम दोन पावलं मागे सरली.

मास्तर बाकावर बसले. "कुठली बस?"

"कुठलीच नाही," माणूस सरळ म्हणाला. मग त्याने खारूकडे, तिच्या हातातल्या कॉलेजच्या पिशवीकडे पाहिलं. "मुलीला घेऊन आलात वाटतं? मीही पालकच. माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे इथे."

मास्तरांनी त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. सापडला नाही, म्हणून जास्तच सावध झाले. "मग आत जाऊन भेटत का नाही?"

"तिला माहीत नाही मी इथे आहे ते." माणूस ओशाळून हसला. तो छापखान्यात होता. बायको गेली तेव्हापासून बाप-लेक दोघंच. मुलगी इकडे आल्यावर त्याला घर खायला उठलं. नोकरी सोडून त्याने मागच्या गल्लीत एक खोली घेतली. फोन मात्र गावातून केल्यासारखा करायचा. "मी काही त्रास देत नाही हो तिला. ती येताना दिसली की टपरीआड होतो. आत गेलेली दिसली की माझा जीव भांड्यात पडतो, मी निघतो." मग तो जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हीही पोरीला जपा. इथे एक माणूस फिरतो."

"कसला माणूस?"

"मुली बोलतात, चालता चालता कानावर पडतं. थांब्यावर बसतो म्हणे. मागे मागे येतो. इतकं डोळ्यांत तेल घालून बघतो मी, पण मेला एकदाही दिसला नाही. तो आहे म्हणून तर मला इथून हलवत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मास्तर आयुष्यभर हसत हसत वापरत आले होते. आज हसू आलं नाही. पण अजूनही एक मन म्हणत होतं, कशावरून खरं बोलतोय? अशी गोष्ट कुणीही रचेल. त्यांनी फोटो मागितला. माणसाने मोबाईलवर लगेच दाखवला, उन्हात डोळे बारीक केलेले बाप-लेक. फोटो तरी कुणाचाही असू शकतो, मास्तरांनी मनात म्हटलं.

तेवढ्यात खारू पुढे आली आणि त्या माणसासमोर उकिडवी बसली.

"काका, तुम्ही ही टोपी रोज घालता?"

"हो. का गं बाळा?"

"त्या माणसाच्या डोक्यावरही टोपी असते म्हणे. राखाडी."

माणूस तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली, हातात धरली आणि पहिल्यांदाच बघावी तशी ती न्याहाळली.

"माझी मुलगी आधी लायब्ररीत बसायची, उशिरा यायची," तो म्हणाला. "हल्ली उजेड असतानाच परत येते. मला वाटलं, शहाणी झाली."

"चला, आत जाऊ," मास्तर म्हणाले.

"नको. तिला नका सांगू. मी आजच गावी जातो, परत तोंड दाखवणार नाही."

"तुम्ही गेलात तरी मुलींच्या मनातला माणूस जाणार नाही. तो इथेच बसलेला राहील." आपण हे समजुतीने बोलतोय की त्याची खातरजमा करायला, ते मास्तरांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी त्याचा दंड धरला. धरला म्हणजे आधारही दिला आणि पळून जाऊ नये याची काळजीही घेतली.

रखवालदाराने निरोप पाठवला. मुलगी खाली आली. फोटोतलीच होती ती. आधी बापाला पाहून तिचा चेहरा फुलला. मग त्याच्या हातातली टोपी दिसली.

"तुम्ही?" ती म्हणाली. "तो तुम्ही होतात?"

"फक्त बघायचो गं..."

"रोज फोनवर तुम्हाला सांगायचं मनात यायचं. इथे एक माणूस आहे, मला भीती वाटते. तुम्हाला तिकडे काळजी लागेल म्हणून गिळून टाकायची." बापाने हात पुढे केला, तिने तो धरला नाही. ती तिथेच पायरीवर बसली. थोड्या वेळाने तोही बसला, हातभर अंतर ठेवून. मास्तर आणि खारू तिथून निघाले. आपण उभं राहून बघावं असं ते नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले. मग म्हणाले, "तरी पण. बाई खोटं बोलल्या. दाराला वीट होती. कॅमेऱ्यात कुणी बघत नाही."

"खरंय."

"मग अशा लोकांवर विश्वास कसा ठेवायचा?"

"नका ठेवू त्यांच्यावर," खारू म्हणाली. "पण मुलींनी काय केलं ते बघा ना. एकमेकींना सांगून ठेवलं होतं, मिळून चालत होत्या. एकीने हाक मारली आणि सगळी दारं उघडली. तुमच्यावर इस्त्री उगारली, बाबा! मला तिथे राहायचंय."

मास्तरांनी याच्यातही खोट शोधली. मिळाली नाही, म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

त्यांनी होकार दिला, पण सुखासुखी नाही. मागच्या दाराला कुलूप बसेपर्यंत रेक्टरबाईंना इतके फोन केले, की शेवटी बाईंनीच कुलपाचा फोटो पाठवला. फोटो जुना तर नाही ना, म्हणून मास्तरांनी खारूला तिथे राहायला गेल्यावर परत बघायला लावलं. खारू तिथे रुळली. टोपीवाला गावी परत गेला आणि महिन्यातून एकदा, आधी विचारून, फाटकातून आत येऊ लागला. त्याची मुलगी त्याच्याशी अजून तोलूनमापून बोलते, असं खारूने सांगितलं.

एका सुट्टीच्या दिवशी बायको बाहेरून आली, तर मास्तर टेबलाशी खारूच्या शहराकडे जाणाऱ्या बसचं वेळापत्रक पसरून बसलेले.

"कुठे निघालात?"

"कुठे नाही. सहज."

ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मास्तरांना ती नजर चांगली ओळखीची होती. आजवर ती त्यांनी दुसऱ्यांवर रोखली होती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "आणि मी कितीही चांगलं कारण दिलं, तरी देऊ नकोस."