पेट्यांवरचा नंबर

चार वाजता टेम्पो येणार होता आणि अडीच वाजून गेले तरी साउंडवालीच्या चारही पेट्या कोऱ्याच होत्या. काळ्या, प्लॅस्टिकच्या, सगळ्यांच्या असतात तशा. गेल्या आठवड्यात नाटकवाल्यांनी तिची माइकची पेटी आपली समजून उचलून नेली, ती दोन दिवसांनी सापडली आणि मालकाने सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली. आणखी एक पेटी हरवली तर घरी बसायचं, असं वर बजावलं. तेव्हापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

मार्करने नंबर लिहिला, तो बोटाने पुसला गेला. ऑइलपेंटने लिहिला, तो वाळल्यावर नखाने सोलून निघाला. वडील खुर्चीतून बघत होते. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, गप्प किती बसणार?

"प्लॅस्टिक रंगाला धरून ठेवत नाही. तुझं सोल्डरिंग आयर्न आण. नंबर कोरायचा, खाचेत पांढरा रंग भरायचा, वरचा फडक्याने पुसायचा. पेटी झिजेल, पण आकडा जाणार नाही."

"बाबा, तुमचा हात थरथरतो."

"हात थरथरतो, डोकं नाही."

"बरं, नंबर सांगते..."

"आता नंबरही शिकव बापाला!"

ती हसली आणि केबल गुंडाळायला आत पळाली. बाहेरून प्लॅस्टिक जळल्याचा वास येत होता. तिची नजर सारखी घड्याळाकडे जायची, केबलला पीळ पडायचा, मग सोडून पुन्हा पहिल्यापासून.

पावणेचारला बाहेर आली तर चारही पेट्या तयार. आकडे जरा डुलत होते, पण वळण तेच, देखणं. आणि नंबर घरच्या लँडलाइनचा. बारा वर्षांपूर्वी बंद झालेला. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ते हाच टाकायचे, कामाचे फोन आई घ्यायची.

तिचं डोकंच फिरलं. "बाबा, काय करून ठेवलंत हे! पेटी सापडली तर या नंबरवर फोन उचलणार कोण?"

"आई उचलेल की. ती कुठे जातेय घर सोडून?"

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

गेल्या महिन्यात वडील दूध आणायला गेले आणि दोन तासांनी परतले होते. मित्र भेटला म्हणाले, आणि तिने ते खरं मानलं. वर्षभर ती त्यांच्या हाताकडेच बघत राहिली, याची तिला आता भयंकर लाज वाटली.

टेम्पोचा हॉर्न वाजला. तिने घाईघाईत प्रत्येक पेटीवर खाली आपला मोबाइल नंबर कोरला, वेडावाकडा. हॉर्न वाजतच होता. खिडकीतून तिने शेजारच्या काकूंना हाक मारली, मी येईपर्यंत बाबांजवळ बसाल का म्हणून. मग वडिलांच्या खिशातलं चष्म्याचं प्लॅस्टिकचं घर काढून घेतलं आणि त्यावर तोच मोबाइल नंबर कोरायला बसली. हे आकडे मात्र तिने सावकाश काढले.

"अगं, चष्मा कधी हरवलाय मी?" वडील हसत म्हणाले.

तिने खाचेत रंग भरला, वरचा पुसला, घर त्यांच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.