हातावरची अक्का

कुणी काही विचारलं की धाकट्याची मान आधी हलायची आणि प्रश्न मागाहून कानात शिरायचा. घरात सगळे त्याला होयबा म्हणत ते उगाच नाही. शेजारी म्हणाला, कपाट वरच्या मजल्यावर चढवायला येतोस का, की हा हो. मग आठवडाभर कंबर धरून फिरणार. त्याच्या आईने, अक्कांनी, सोफ्याची कव्हरं शिवायचा कारखाना उभा केला तो नुसत्या 'नाही'च्या जोरावर. घाईच्या कामाला नाही, नमुना न दाखवता आणलेल्या कापडाला नाही, आणि शिवण चालू असताना डोक्यावर उभं राहून शहाणपण शिकवणाऱ्याला तर दारातूनच नाही. अशा बाईच्या पोटी हे मेणाचं रत्न निघावं, याचा त्यांना रोज नव्याने संताप यायचा.

त्याच्या त्या हो-हो करण्यापायीच अक्का त्याच्या हातावर जाऊन बसल्या होत्या.

होयबाचा एक मित्र टॅटू काढायला शिकत होता. फुलं झाली, पक्षी झाले, आता त्याला माणसाचा चेहरा जमतो का बघायचं होतं. त्यासाठी कातडी कोण देणार? मान कुणाची हलली ते सांगायला नको. चेहरा आईचाच काढू का, त्यालाही हो. थोरल्या बहिणीच्या लग्नातला फोटो समोर ठेवला. त्या फोटोत अक्का नेमक्या वाढप्याला झापत होत्या. झालं, मनगटापासून कोपरापर्यंत अक्का अवतरल्या. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा, वरच्या ओठावर सावली अशी की मिशीच वाटावी. ज्या बाईने जन्मात कधी ओठ रंगवले नाहीत तिचे ओठ लालभडक, गळ्याशी हिरवागार काठ, आणि डोळ्यांत चमक हवी म्हणून दोन पांढरे ठिपके.

अक्कांनी पाहिलं आणि मनात म्हणाल्या, अगं बाई, ही तर माझी सासू! पण तोंडाने काय बोलणार? पोराने आईला हातावर घेतलं, असं भाग्य कितीजणींच्या वाट्याला येतं? त्यांनी ते गल्लीभर मिरवलं. कारखान्यात गिऱ्हाईक आलं की चहाआधी हुकूम सुटायचा, "इकडे ये रे, दाखव हात." होयबा निमूटपणे बाही वर सारायचा.

असं तीन वर्षं चाललं. मग त्याला एका मोठ्या हॉटेलात चांगली जागा चालून आली, वाढणाऱ्यांच्या वरची, देखरेखीची. गणवेश अर्ध्या बाह्यांचा आणि अट एकच, हातावर टॅटू नको. साहेबाने विचारलं, महिनाभरात काढून येशील ना? पुढचं आलंच.

गावात लेझर होतं, पण पार्लरमध्ये, हनुवटीचे केस काढायचं. ती पार्लरवाली म्हणाली, "बघू या की मारून, केस जातात तर हेही जाईल." होयबा खुर्चीत बसलासुद्धा होता. थोरलीने कॉलर धरून उठवून आणला. शेवटी ठरलं की अक्कांची भाची परदेशात असते, तिकडे अशी क्लिनिकं गल्लोगल्ली आहेत, तिकडेच जाऊन काढावं. होयबाने फोनवर चौकशी सुरू केली आणि ज्या ज्या क्लिनिकने विचारलं, तुमचं नक्की समजू ना, त्या प्रत्येकाला नक्की म्हणून सांगितलं. कुणी म्हणे नॅनो लेझर चांगलं, कुणी म्हणे त्याहून झटपट मारणारं पिको. याला दोन्ही पटलं. तेव्हा अक्कांनी कारखान्याच्या किल्ल्या थोरलीकडे टाकल्या आणि बॅग भरली.

"तू कशाला, अक्का?" होयबा म्हणाला.

"तोंड माझं पुसायचंय. कोण पुसतंय ते मी बघायला नको?"

तिकडचं पहिलं क्लिनिक म्हणजे काचेचा महाल. आत शिरल्याबरोबर अक्कांनी सोफा चाचपला. वरून चकचकीत, मागच्या बाजूला शिवण उसवलेली आणि ती उशीने झाकलेली. त्यांचं अर्धं मत तिथेच बनलं. समोर आला तो डॉक्टर नव्हताच, गोड बोलायला नेमलेला माणूस होता. दात इतके पांढरे की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. तो त्याच्या भाषेत बोले, भाची मराठीत सांगे.

"दहा दिवसांत चार वेळा लेझर मारतील म्हणतात, मावशी. इकडच्या एकाच खेपेत सगळं साफ. मशीन अगदी नवं आहे, पिको."

गोडबोल्याने फोटो दाखवले. आधीचा हात, नंतरचा हात. अक्कांनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला.

"यात आपल्या रंगाचा एक तरी हात आहे का, विचार त्याला. सगळे मेले दुधात बुडवून काढल्यासारखे."

भाचीने काहीतरी मवाळ करून विचारलं. अक्कांना भाषा येत नव्हती, पण वाक्याची लांबी कळत होती. "मी एवढं बोलले, तू एवढंसंच बोललीस. त्यातलं 'मेले' कुठे गेलं?"

"मावशी, ते नाही सांगता येत."

गोडबोल्या हसून म्हणाला, मशीनला रंग कळत नाही, सगळ्यांना सारखंच चालतं. मग त्याने होयबाला सराईतपणे विचारायला सुरुवात केली. तब्येत चांगली ना? हो. जखमा नीट भरतात ना? हो. त्वचेचा काही त्रास नाही, सगळं ठीक ना? हो.

अक्का खुर्चीतून उठल्या. होयबाच्या पायाशी वाकल्या आणि त्या काचेच्या महालात, चार लोकांच्या देखत, तीस वर्षांच्या घोड्याची पँट गुडघ्यापर्यंत सर्रकन वर केली.

"अक्का! काय करतेस!"

"जखमा नीट भरतात काय? मग हे काय उगवलंय?"

पोटरीवर सुपारीएवढी गुळगुळीत गाठ होती. लहानपणी कारखान्यातली तापलेली इस्त्री नुसती चाटून गेली होती. साधा चट्टा पडून बरा व्हायचा, तर हा फुगत फुगत गेला. तीन डॉक्टर झाले, मलमं झाली, अक्कांनी रात्री जागून काढल्या, पण गाठ बसली ती बसलीच.

"विचार त्याला, हातावर असंच उगवलं तर हॉटेलवाले घेतील का? माझं थोबाड परवडलं म्हणतील."

गोडबोल्याने गाठीकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ते भाजलेलं होतं, म्हणाला, हा तर नुसता उजेड आहे. काही होत नाही. उद्या सकाळी पहिली वेळ तुमची ठेवू ना?

आणि अक्का तोंड उघडेपर्यंत होयबाची मान हलून मोकळी झाली.

रस्त्यात अक्कांनी त्याला फैलावर घेतलं. फुटपाथवरची माणसं वळून बघत होती, भाचीचे कान लाल झाले होते. "अरे, मानेला स्प्रिंग आहे का तुझ्या? तो म्हणाला असता, कोपरापासून हातच कापू या, टॅटूही जाईल, तरी तू हो म्हणाला असतास!"

"साहेबांना महिना सांगितलाय ना, अक्का. आणि एवढ्या लांब आलोय, परत परत कसं येणार?"

"म्हणून आगीत हात घालायचा? शिवण उसवायची तर एकेक टाका सोडवावा लागतो. ओढलं की कापड फाटतं. एवढी वर्षं कारखान्यात काय फक्त डबा खायला येत होतास?"

दुसरं क्लिनिक भाचीने तिच्या मैत्रिणीला विचारून काढलं होतं. चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिन्याने वर. सोफा नव्हताच, लाकडी बाक होते. त्यांच्या शेजारी एक बाई बसली होती, रंगाने अक्कांच्याच जातकुळीतली. मानेवर अर्धवट पुसट झालेलं फुलपाखरू. अक्कांनी विचारल्याशिवाय तिची मान जवळून पाहून घेतली. कातडी सपाट होती. डाग नव्हता.

डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या. उंच, थकलेल्या, केस कसेतरी वर बांधलेले. त्यांनी विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात अक्का भाचीला म्हणाल्या, "त्यांना आधीच सांग, याला हो-नाहीचं काही विचारू नका. याच्याकडे एकच उत्तर आहे."

भाचीने या वेळी काही गाळलं नसावं, कारण डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, शेवटची जखम कधी झाली आणि ती कशी बरी झाली, ते सांग. होयबा गडबडला. हळूहळू इस्त्रीचं निघालं, कान टोचल्यावर तिथे गोळी आली होती तेही निघालं. ते तर अक्काही विसरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पोटरीची गाठ दाबून पाहिली, हात उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला. मधूनच एकदा अक्कांकडे, एकदा हाताकडे बघितलं.

"मी इतकी वाईट दिसत नाही, सांग त्यांना," अक्का म्हणाल्या.

मग डॉक्टरीणबाई सांगत गेल्या आणि भाची उलगडत गेली. लेझर शाई खरवडत नाही. कातडीच्या आत बसलेल्या शाईचे कण फोडतं, आणि तो चुरा मग अंगच सावकाश वाहून नेतं. अंगाला त्याला वेळ लागतो. म्हणून एकदा मारल्यावर निदान दोन महिने थांबायचं. दहा दिवसांत चारदा मारणं म्हणजे आधीचं भाजलेलं निवायच्या आत पुन्हा भाजणं. नॅनो की पिको हा पुढचा प्रश्न. पिकोने थोडं लवकर होईल, पण खरं महत्त्व कुठल्या लहरीचा, म्हणजे कुठल्या जातीचा उजेड वापरतात त्याला. सावळ्या कातडीत स्वतःचाच रंग असतो. चुकीची लहर शाई सोडून त्या रंगालाच धरते, मग पांढरे चट्टे पडतात. काळ्या शाईसाठी सावळ्या कातडीला सोसेल अशी लहर आहे. लाल आणि हिरव्याला वेगळ्या लागतात, त्या जपून, अगदी थोड्या जागेवर करून बघाव्या लागतील. हिरवा काठ कदाचित पूर्ण जाणारच नाही. आणि डोळ्यांतले पांढरे ठिपके लेझरने आधी काळे पडू शकतात.

"म्हणजे जाता जाता अजून एकदा भेसूर दिसणार," अक्का म्हणाल्या. "बरं, किती दिवस?"

"दीड वर्ष तरी, म्हणतायत," भाची म्हणाली. " आधी एका कोपऱ्यात नखाएवढ्या जागी करून बघायचं. गाठ उठली तर तिथेच थांबायचं, पुढे करायचंच नाही. नाही उठली तर पुढचं तुमच्या जवळच्या शहरात असंच मशीन असलेल्या डॉक्टरकडे करता येईल, त्या स्वतः त्यांच्याशी बोलतील. दर वेळी इकडे यायला नको."

दीड वर्ष म्हटल्यावर होयबाचा चेहरा पडला. हॉटेलच्या साहेबाला महिना सांगितलाय, तो पुटपुटला, आणि भाचीने तेही डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. तुला काय करायचं आहे?

होयबाने अक्कांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? हिच्याकडेच करायचं, झालं ठरलं."

"हो," होयबा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी हात आडवा केला. भाची जरा चाचरत म्हणाली, "मावशी, त्या म्हणतायत, मी तुम्हाला नाही विचारलं. त्याच्या तोंडून ऐकायचंय. हॉटेल नसतं तरी हे काढायचं होतं का?"

 होयबाने बाही खाली ओढली. मग पुन्हा वर केली.

"काढायचंच होतं," तो म्हणाला. "हॉटेलचं नंतर आलं. पहिल्या दिवसापासून नको होतं मला. जेवायला बसलो तरी समोर अक्का ओरडतेय. दात घासतोय, अक्का ओरडतेय. एका मुलीबरोबर सिनेमाला गेलो, खुर्चीच्या हातावर हात ठेवला, तर ती म्हणाली, ही बाई माझ्याकडे का बघतेय?" त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "पण तू सगळ्यांना दाखवत होतीस. मग कसं बोलणार?"

 भाचीला वाटलं, आता अक्कांची वीज पडणार.

तेवढ्यात होयबाचा फोन वाजला. गोडबोल्या. उद्या सकाळची वेळ पक्की ना? भाचीने सवयीने हात पुढे केला, अक्कांनीही मान पुढे केली. होयबाने फोन कुणाला दिला नाही. तिकडच्या भाषेतले त्याला येत होते तेवढे शब्द गोळा करून तो म्हणाला, नाही. येणार नाही. पलीकडून बरंच काही गोड गोड आलं असावं. तो पुन्हा म्हणाला, नाही. मग फोन ठेवून त्याने हॉटेलच्या साहेबाचा नंबर लावला. दीड वर्ष लागेल, त्याने सांगितलं, तोवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चालणार असेल तर येतो, नाहीतर जागा दुसऱ्याला द्या. साहेब म्हणाला, विचारून सांगतो. त्यात हो नव्हतं, नाहीही नव्हतं. होयबाच्या कपाळावर घाम आला होता. पण त्याने हात उचलून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला, चित्रातल्या कानाकडचा कोपरा वर करून.

अक्कांनी पदराने चष्मा पुसला, परत लावला, टेबलावरच्या आपल्या त्या उघड्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं आणि मग पोराकडे.

"गाढवा, तीन वर्षं मला त्या मिशीसकट गावभर फिरवलंस आणि एका शब्दाने बोलला नाहीस. मला तरी आवडलं होतं असं वाटलं की काय तुला? मेल्या, तो चेहरा माझा आहे, तो जाईल तर जाऊ दे, मला काही वाटत नाही. पण कातडी मी वाढवलेली आहे. तिला घाई करून कुणी हात लावला, तो डॉक्टर असो, साहेब असो की तू असो, तर गाठ माझ्याशी आहे!"