सव्वा इंच

नुसतं उभं राहायला कोणाला शिकावं लागलेलं तुम्ही पाहिलंय का? मी रोज पाहिलंय. मी गार्गीची उभं राहायची लाकडी चौकट बोलतेय.

घाटकोपरच्या एका खोलीत मी जन्मले. गार्गीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचे पाय तिचं ऐकत नाहीत. व्यायाम शिकवणाऱ्या स्वरदाताईंनी तिला रोज वीस मिनिटं आधाराने उभं करायला सांगितलं. तिचे आजोबा गुणाजी हाडाचे सुतार. जुन्या दाराचं सागवान रंध्याने तासून त्यांनी मला घडवलं. छातीला एक पट्टा, गुडघ्यांना एक, समोर फळी. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा चार वर्षांची गार्गी खाली बसलेल्या गुणाजींकडे बघून म्हणाली, "आजो, तुझं टक्कल दिसतं." मालनआजी डोळे पुसत हसल्या.

दर तीन महिन्यांनी माप घ्या, पट्टा वर सरकवा, असं ताईंनी बजावलं होतं. पण वाढत्या मुलाला मोजलं की वाढ खुंटते, असं गुणाजी लहानपणापासून ऐकत आलेले. आयुष्यभर टेपशिवाय खिळा न ठोकलेल्या माणसाने नातीला टेप लावू दिली नाही. गार्गीची आई मानसी एकदा टेप घेऊन आली, तर म्हणाले, "माका नजरेन कळता."

नजरेला ती लहानच दिसत राहिली. आजोबांना नात कधी मोठी दिसते?

ती वाढत गेली आणि माझा पट्टा गुडघ्यावरून नडगीवर आला. वर गुडघे वाकू लागले. "आजो, दुखतं," गार्गी म्हणायची. गुणाजींना वाटायचं, कंटाळा करते. "उभी रव गो बाय, पाचच मिनटा," म्हणत ते पट्टा आणखी आवळायचे. मायेनेच आवळायचे. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

मध्ये वर्षभर स्वरदाताई रजेवर होत्या. परवा त्या घरी आल्या. गार्गीचा पाय सरळ करू गेल्या, तो होईना. माझा पट्टा त्यांनी तिच्या नडगीशी धरून पाहिला. गुडघा वाकलेलाच आखडलाय, आता कदाचित ऑपरेशन लागेल, असं त्यांनी मानसीला हळूच सांगितलं. गुणाजींनी ते ऐकलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गार्गी एवढंच म्हणाली, "आजो, मी खोटं नव्हते बोलत."

तुमच्या घरी असं मूल असेल तर त्याला मोजा. आणि दुखतंय म्हणालं, तर खरं माना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजींनी गार्गीला गादीवर निजवलं आणि टेप लावली. माझा पट्टा तिच्या गुडघ्याच्या सव्वा इंच खाली होता.