वरच्या मजल्यावरची खुर्ची

हॉटेलच्या तळघरात धुतलेल्या मोठ्या चादरींची घडी घालायला दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, चादर झटकायची, मग समोरासमोर चालत येऊन टोकाला टोक भिडवायचं. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत अबोलीच्या पायांचे पार तुकडे पडायचे.

अबोली हे काही तिचं खरं नाव नव्हे. पहिला महिनाभर ती मूग गिळून असायची, म्हणून समोरची टोकं धरणाऱ्या मावशीनं ते ठेवलं. ही मावशीही नात्यातली नव्हे, वयानं मोठी एवढंच. ती पूर्वी वर खोल्या आवरायची आणि पाहुण्यांशी बोलून बोलून तिनं इंग्रजी कमावलं होतं. एका चादरीला एक वाक्प्रचार, असा तिचा नेम. टोकं भिडली की मावशी तो सांगणार, आणि पुढच्या चादरीला अबोलीनं तो वापरून दाखवायचा. बरं नसलं की 'अंडर द वेदर'. काम सोपं असलं की 'पीस ऑफ केक'. सोप्या कामाचा केकशी काय संबंध, असं अबोलीनं विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "आपण नाही का हातचा मळ म्हणत? त्यांनी निदान खायची वस्तू तरी घेतली."

वर्षभरापासून मावशीचा उजवा खांदा वर जाईनासा झाला होता. चादर उचलायची वेळ आली की अबोली दोन पावलं पुढे येऊन तिच्या हातातलं टोकही स्वतःच घ्यायची. तेवढ्यापुरती मावशी भिंतीकडे बघायची. यावर दोघी कधी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

अशात वरच्या मजल्यावर पाहुण्यांचे कपडे नोंदवून घेणारी जागा रिकामी झाली. तिथे खुर्ची होती. अबोलीला पगाराचं काही नव्हतं, तिला ती खुर्ची हवी होती, इतकी ती थकली होती. इंग्रजी बोलता यायला हवं, एवढीच अट. मावशीनं आठवडाभर तिची उजळणी घेतली आणि जाताना तिच्या ओढणीची सुरकुती डाव्या हातानं सारखी केली.

मॅनेजरबाईंनी इंग्रजीतच गप्पा मारल्या. अबोली एकदाही अडखळली नाही, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. जागा तुझीच समज, असं म्हणून बाईंनी कागद पुढे ओढला. मग पेन उघडता उघडता त्यांनी सहज विचारलं,

"इज युअर पार्टनर पुलिंग हर वेट?"

आपल्या वाट्याचं काम ती पुरतं ओढते का? अबोलीला लख्ख कळलं. नाही म्हणावं, तर मावशी उद्यापासून घरी. हो म्हणून खुर्चीत बसावं, तर मावशीसमोर नवी बाई येणार आणि तिला पहिल्याच चादरीला सगळं दिसणार. काही कळत नव्हतं तेच बरं होतं, असं तिला वाटून गेलं.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली, "समजलं नाही."

बाईंनी पुन्हा, सावकाश विचारलं. अबोलीनं पुन्हा नकारार्थी मान हलवली. पाहुणे असंच बोलतात, इतकं तरी समजायला हवं, असं म्हणत बाईंनी कागद बाजूला ठेवला. सहा महिन्यांनी बघू, म्हणाल्या.

खाली मावशी चादर धरून उभीच होती. अबोलीचा चेहरा बघून तिनं ओळखलं. "कुठला अडला?"

दुसरा कुठलाही वाक्प्रचार सांगता आला असता. पण खोटं जुळवायचंही अबोलीच्या जिवावर आलं होतं. तिनं तोच सांगितला.

मावशी म्हणाली, "तो तर मी तुला सगळ्यात आधी शिकवला होता."

"विसरले."

मावशीनं चादर उचलायला घेतली. खांदा अर्ध्यावर थांबला. अबोली दोन पावलं पुढे आली आणि तिनं ते टोक हातात घेतलं. मावशीनं ते सोडलं, पण या वेळी भिंतीकडे बघितलं नाही.