सोळावा की पंधरावा

ज्या वर्षी माझी पहिली नात रोतुआ जन्मली, त्या वर्षी माझं नाव दुसऱ्यांदा बदललं. जन्मले तेव्हा मी तियार्मा. मुलगा झाला तशी पारदोमुआनची आई. आणि रोतुआने पहिली किंकाळी फोडली त्याच दुपारी गावाने मला ओम्पू रोतुआ, म्हणजे रोतुआची आजी, करून टाकलं. आमच्या सरोवराकाठी असंच असतं. नातवंड झालं की जुनं नाव कुणी तोंडाने घेत नाही. मीच लिहितेय म्हणून चालतं.

त्याच वर्षी माझा दादा, ओम्पू गोमगोम, म्हणजे गोमगोमचा आजोबा, मरायचं नाकारत होता.

तशी तयारी झाली होती. ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, कबरीचा दगडसुद्धा आणून अंगणात टेकवलेला. त्यावर नाव कोरून झालं होतं. पिढीचा आकडा तेवढा राहिला होता. मूळपुरुषापासून आपण कितवे हे दगडावर नसेल, तर वर गेल्यावर बसायचं कुणाच्या पंगतीत? कुलवृत्त मंडळाच्या हिशेबाने दादा सोळावा, आणि मंडळाचे अध्यक्ष पारलिंदुंगान गुरुजी पंधरावे. म्हणजे आमची शाखा थोरली असूनही, वयाने कितीतरी लहान असलेल्या गुरुजींना दादा जन्मभर ‘काका’ म्हणत आला.

“ज्याचं नाक मी पुसलं, त्याला काका!” दादा कुरकुरायचा. “आपण पंधरावेच. बाबांनी मला सांगितलंय. सोळा कोरलंत तर कबरीतून उठून बसेन.”

मंडळाच्या प्रत्येक बैठकीत तो हेच मांडायचा, आणि गुरुजी दरवेळी चष्मा पुसत म्हणायचे, “पुतण्या, नियम माहीत आहे ना? दोन पुरावे हवेत, आणि ते एकाच ताटात जेवलेले नकोत.”

“बाबांनी सांगितलं, मी ऐकलं. झाले की दोन!”

“एकच ताट.”

“काका, तुम्ही माझ्या मरणाच्या आड येताय.”

“मग जग की. मंडळाची हरकत नाही.”

पुढे कुळाने टेकडीवर नवं स्मारक बांधलं आणि पूर्वजांच्या अस्थी उकरून तिथे न्यायचं ठरवलं. ढोल आले, डुकरं कापली. आम्ही कुळाच्या लेकी हळद-लिंबाचं पाणी घेऊन अस्थी धुवायला बसलो. आमच्या शाखेची यादी गुरुजींनी मोठ्याने वाचली: लांतिंग, त्याचा मुलगा ओम्पू सहाला, त्याचा मुलगा जोगी, त्याचा मुलगा सहाला.

ओम्पू सहालाच्या खड्ड्यातून छान कवटी निघाली, दातांसकट. लांतिंगच्या खड्ड्यातून माती निघाली. मग आणखी माती. मग खडक.

दादा काठी टाकून उभा राहिला. “अरे, ओम्पू सहाला काय आजोबा म्हणूनच जन्मला? नातू व्हायच्या आधी त्याला हाक काय मारत होते? लांतिंग! एकाच माणसाची दोन नावं, आणि तुम्ही त्याला स्वतःचाच बाप करून ठेवलंत!”

ढोलवाल्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी ठेका धरला आणि दादा त्या गुडघ्यांवर नाचला. मी हातातल्या कवटीसकट हसत होते.

गुरुजींनी हात वर केला. “शक्य आहे. पण हाडं न सापडणं म्हणजे माणूस नसणं नव्हे. पाऊस असतो, कुत्री असतात. हा एक पुरावा झाला. दुसरा कुठाय?”

अख्खी टेकडी कण्हली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी एकटेच होडीने पलीकडे गेले, जिथून आमच्या घराण्यात पूर्वी मुलगी आली होती त्या गावी. कुणी पाठवलं नव्हतं. मला वाटलं, जाईल, सोयऱ्यांकडे मासळी चापेल आणि सोळा घेऊन येईल. आपलं काकापण कोण स्वतःच्या हाताने बुडवतं?

संध्याकाळी ते आमच्या अंगणात आले. पाटलोण गुडघ्यापर्यंत भिजलेली, टोपी हातात.

“तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला भेटलो,” ते म्हणाले. “लांतिंगचं नाव मी काढलंच नाही. एवढंच विचारलं, वरच्या गावात तुमच्या मुली किती दिल्या? म्हणाली, एकच, जोगीची आई. तिच्या नवऱ्याला लग्नात शेत दिलं होतं. कुठलं, विचारलं, तर बोट दाखवून म्हणाली, ते काय, लांतिंगचं शेत.”

दादा काठी टेकत पुढे सरकला.

“म्हणजे जोगीचा बाप लांतिंग. आणि आपल्या यादीत जोगीचा बाप ओम्पू सहाला. माणूस एकच. दोन पुरावे, दोन ताटं.” गुरुजींनी दगडाकडे पाहिलं. “पंधरा कोरून घ्या... दादा.”

दादाने कानाला हात लावला. “काय म्हणालास?”

“दादा.”

“वारा फार आहे रे.”

“दादा!” गुरुजी असे ओरडले की कोंबड्या पळाल्या.

“बस, धाकट्या, बस,” दादा डोळे पुसत म्हणाला. “ताडी ओत.”

त्यानंतर गावात नुसता धुमाकूळ. आमची शाखा एक पिढी वर सरकली. दुसऱ्या शाखेतला, माझ्याहून म्हातारा हॉटमन शिंपी, ज्याला मी भाऊ म्हणायची, तो आता मला आत्या म्हणून वाकू लागला आणि वाकताना कंबर धरून शिव्या देऊ लागला. त्याचा मिशीवाला पोलीस मुलगा दादाच्या शाळकरी नातीचा काका होता. आता तो तिला रस्त्यात “ताई” म्हणायचा, आणि ती मुद्दाम रोज ठाण्यावरून जायची.

पाथरवटाने पंधरा कोरलं. मरणाच्या आड आता काही उरलं नव्हतं, पण दादाचा बेत बदलला. “दादा म्हणवून घेण्यात एवढी मजा असते हे आधी का नाही सांगितलंत? थांबतो थोडा.”

थांबला. रोतुआ चालायला, मग पळायला लागली, तोवर तो होता. गुरुजी रोज संध्याकाळी यायचे, ताडी ओतायचे आणि भांडायचे.

माझा दादा, ओम्पू गोमगोम, पंधरावा, १९८५ च्या जुलैमध्ये, भातकापणीनंतरच्या रविवारी वारला.