डाव्या कानाचा साचा

मेण पातळ आहे.

साच्याच्या तळाशी उस्तादांचा डावा कान. बाहेरून दिसतो तो नव्हे. आतला, वाटाण्याएवढा, गोगलगाईसारखा वेटोळा. चिमट्याने तो नीट बसवायला प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ मेणताईंकडे मोजून पाच-सहा श्वास. मेण गोठलं की जसा बसला तसा बसला.

थांबा. आधी मागचे अकरा महिने.

उस्ताद म्हणजे मेणताईंना याच प्रयोगशाळेत सुरी धरायला शिकवणारे तंत्रज्ञ. म्हातारपणी ठार बहिरे झाले, जीभ मात्र शाबूत. "मेल्यावर दोन्ही कान तुझे," म्हणाले होते. "जिवंतपणी माझं ऐकलं नाहीस, निदान माझ्या कानाचं तरी ऐक."

आता त्यांच्या लेकीलाही ऐकू येईनासं झालंय. ऑपरेशन करून कानात यंत्र बसवता येईल, पण आतली नस शिल्लक असेल तरच. हा घराण्यातला आजार नस खातो की नाही, याचं उत्तर बापाच्या कानात. उजवा कान मेणताईंनी हाड मऊ व्हावं म्हणून घाईने कडक आम्लात घातला आणि हाडाबरोबर आतलं सगळंच घालवून बसल्या.

उरला एक.

म्हणून या खेपेला सौम्य द्रावण, आणि दर आठवड्याला चाचणी: थोडं द्रावण नळीत काढून त्यात औषध टाकायचं; गढुळलं तर हाडात चुना बाकी. अकरा महिने गढूळ. मंगळवारी नितळ. मेणताई नळी उजेडाला धरून हसतच सुटल्या.

"काय, लग्न ठरलं का तुमचं?" काप तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझं कुठलं? कानाचं ठरलंय. मेणाशी."

मेण कडेने साईसारखं होतंय.

कान बसला. मेणताईंनी हात मागे घेतला आणि पुन्हा वाकून पाहिलं. इथली रीत अशी की साच्यात जायचा तो उजवा कान, डावा राखीव. वीस वर्षं उजवेच बसवलेल्या हाताने हाही उजव्यासारखाच कलवला होता.

"डॉक्टरीणबाई, तिरका बसलाय."

"असू दे. पुन्हा तापवला तर आकसेल."

"तिरका कापला तर नस अख्खी दिसणारच नाही. चार तुकडे बघून तुम्हीच म्हणाल, नव्हतीच."

"आणि बिघडला तर?"

"तर वर उस्ताद बसलेच आहेत बोलायला. माझं काही ऐकून घेणार नाहीत, ते वेगळं."

साचा तापल्या पट्टीवर. पांढरं पुन्हा पारदर्शक. मेणताईंनी उजवा हात खोडकर पोरासारखा पाठीमागे धरला आणि चिमटा डाव्या हातात घेतला. कान कलला. आणखी जरासा. बस्स.

मेण पांढरं.

शनिवारी काप निघाले, रंगवले, एकेक भिंगाखाली. मधला काप आला: अडीच वेढे, मध्ये सरळ खांब. वेढ्यांमध्ये आवाज टिपणारे बारीक केस असायला हवेत, तिथे शुकशुकाट. मेणताईंनी काच खांबाकडे सरकवली. नसेच्या पेशी तिथेच असतात. असल्या तर.

जांभळ्या, टपोऱ्या, दाटीवाटीने, खेटून खेटून.

"सरका की," डॉक्टरीणबाई.

"मोजतेय."

"मोजणं माझं काम."

"मग सावकाश मोजा. आधी त्यांच्या लेकीला कळवा."

डॉक्टरीणबाईंनी फोन काढलाच होता. "काय लिहू?"

"लिहा, नस आहे. भरपूर आहे."

संदेश गेला. दोघी फोनच्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. उत्तर लगेच उमटलं: "ऑपरेशनला कधी येऊ?"