लिंबाखालचे दादा

गुलमंडीत कापडाचं दुकान चालवणाऱ्या नूरमोहम्मदभाईंना वडीलधारं असं एकच माणूस उरलं होतं, आणि तेही जमिनीखाली. वडील त्यांच्या लहानपणीच गेले. राहिले ते दादा, म्हणजे वडिलांचे वडील, शेख हुसेन. त्यांना नूरभाईंनी पाहिलंसुद्धा नव्हतं. ‘लिंबाखालची कबर आपली,’ एवढं आईनं एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, कब्रस्तानात जायचं, फातिहा पढून झाली की मांडी घालून बसायचं आणि दादांना घरचं गाऱ्हाणं सांगायचं, हा त्यांचा नेम. गाऱ्हाणं बहुतेक एकच: बायको, अनवरी. तिचं बोलणं, तिचं खारट सालन, तिचं माहेर. दादा मोठे समंजस. कधी मध्येच तोडलं नाही.

शब-ए-बारात, म्हणजे कबरींवर जायची रात्र, जवळ आली की नूरभाई स्वतः कबरीला चुना लावायचे. आधीचा थर खरवडणं त्यांना मान्य नव्हतं. दादांच्या अंगावर पत्रा कसा घासायचा? त्यामुळे चाळीस वर्षांत उशाचा दगड चांगला गुटगुटीत झाला होता.

यंदा त्यांच्या मुलानं, बँकेतल्या इम्राननं, घराण्याचा शजरा करायला घेतला. शजरा म्हणजे वंशवृक्ष. जुने निकाहनामे, शाळांचे दाखले, पार फुलंब्रीचे चुलते, सगळं पालथं घालून त्यानं नावं जमवली. घोडं अडलं ते दादांच्या मृत्यूच्या सालावर.

“अब्बा, दगडावर लिहिलेलं असंल की.”

नूरभाई कुरकुरले, पण खानदानाचा सवाल होता. इम्राननं बिस्मिल्ला म्हणून पत्रा चालवला. चुन्याचे पापुद्रे गळाले आणि खालून उर्दू अक्षरं वर आली. नूरभाईंनी चष्मा पुसून वाचलं. मग पुन्हा पुसून वाचलं.

‘मरहूमा हाजरा बी, अब्दुल करीम अत्तार यांची बीवी.’

“अब्बा, ही तर बाई हाय,” इम्रान म्हणाला. “आणि आपली बी नाय.”

एका परक्या बाईपुढं आपण चाळीस वर्षं बायकोच्या चहाड्या करत होतो, या विचारानं नूरभाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

घरी अनवरी ओढणी तोंडात कोंबून हसली. “तरीच! माझ्याविरुद्धची तुमची एक बी दुआ कबूल झाली नाय. बाईला बाईचं दुःख कळतं जी!”

“हसतीस काय? मग माझे दादा कुठंयत?”

नूरभाईंचा आवाज फाटला तशी तिनं तोंडातली ओढणी काढली. एवढा दाढी पिकलेला माणूस, पण जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा दिसत होता. तिनं मुकाट्यानं चहा ठेवला आणि इम्रानला कब्रस्तानच्या कमिटीकडं पिटाळलं.

कमिटीचं जुनं दफ्तर धुंडाळून इम्रान परतला तो मान खाली घालूनच. नोंद साफ होती: शेख हुसेन रंगरेज, लिंबाखाली, हाजरा बींच्या डाव्या हाताला. दगड बसवलेला नाही.

ती सपाट जागा नूरभाईंना चांगली ठाऊक होती. तिथं सावली असायची, म्हणून ते दर वेळी तिथंच चपला काढून ठेवायचे. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि अनवरीनंही ‘जेवा’ म्हणून तगादा लावला नाही.

पुढच्या जुमेरातीला ते गुलाबाची फुलं घेऊन एकटेच गेले. चपला फाटकाबाहेरच काढल्या. सपाट जागेपाशी बसून आधी माफी मागितली, मग सलाम केला.

“मी नूरमोहम्मद. तुमचा नातू.”

हे खरे दादा, रक्ताचे, आणि यांच्यापुढं मात्र नव्या जावयासारखा संकोच वाटत होता. वडिलांचं जाणं, दुकान, इम्रानचं आजारपण, सगळं कधीच सांगून झालं होतं, फक्त भलत्याच दारात. आता नव्यानं कुठून सुरू करायचं?

बराच वेळ ते फुलांच्या पाकळ्या कुरवाळत राहिले. मग थोडं उजवीकडं सरकले, अर्धी फुलं हाजरा बींच्या दगडावर वाहिली आणि दबक्या आवाजात म्हणाले,

“बी, तुम्हाला समदं ठावं हाय. तुमीच सांगा ह्यांना. अनवरीचं तेवढं सोडून.”